खेळ का अडखळतो? : संगणकाच्या मेमरीची एक जुनी गोष्ट



शाळेच्या संगणकावर मुलांनी खेळ लावलेला आपण पुष्कळदा पाहिला असेल. पडद्यावर मोटार धावत असते, भोवती पोरांचा घोळका जमलेला असतो, आणि ऐन वळणावर चित्र थिजते. मोटार जागच्या जागी उभी राहते. खोक्याच्या पुढच्या बाजूचा बारीक दिवा एकसारखा लागलेला असतो आणि आतून खरखर, खरखर असा आवाज येत राहतो. चार-पाच सेकंदांनी चित्र हलते, पण तोवर मोटार कठड्यावर आदळलेली असते. मुलगा कळफलक बडवतो. कोणी म्हणते व्हायरस शिरला. कोणी म्हणते, यंत्र म्हातारं झालं, आता मोडीतच काढा.

आणि कित्येकदा ते खरोखरच मोडीत निघते. देणगीत मिळालेले, गावाने वर्गणी काढून घेतलेले यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडते. वास्तविक त्यातला एकही भाग बिघडलेला नसतो. म्हणून ही तक्रार नीट समजून घेणे आपल्या फायद्याचे आहे. तिचा इतिहास थेट १९६० च्या दशकापर्यंत मागे जातो. त्या वेळी मोठमोठ्या विद्यापीठांतली, लाखो रुपये किमतीची यंत्रे हुबेहूब अशीच अडखळत होती, आणि शहाणीसुरती माणसे असाच चुकीचा निष्कर्ष काढू लागली होती. तीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम यंत्राच्या पोटात काय चालते ते पाहू. आपल्या गावातला किराणा दुकानदार डोळ्यांसमोर आणा. त्याच्या हाताशी फळीवर काही डबे असतात. डाळ, साखर, चहा. गिऱ्हाईकाने मागितले की क्षणात हात घालून तो माल देतो. बाकीचा माल मागच्या गोदामात. फळीवर नसलेली वस्तू कोणी मागितली तर त्याला उठून गोदामात जावे लागते, पोते शोधावे लागते. फळी भरलेली असेल तर आधी एखादा डबा उचलून आत ठेवावा लागतो, तेव्हा नव्या डब्याला जागा होते.

संगणकातली फळी म्हणजे मेमरी, जिला बाजारात रॅम म्हणतात. गोदाम म्हणजे हार्ड डिस्क. हिशेब करणारा प्रोसेसर हा दुकानदार. त्याचा हात फक्त फळीपर्यंत पोचतो. गोदामातली वस्तू फळीवर आल्याखेरीज तिचा त्याला उपयोग नाही. फळी महाग म्हणून लहान, गोदाम स्वस्त म्हणून मोठे. यंत्रे कितीही बदलली तरी ही अडचण बदललेली नाही.

आता इतिहासाकडे वळू. इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी एका लहानशा प्रायोगिक यंत्राने स्वतःच्या मेमरीत साठवलेल्या सूचनांनुसार पहिले गणित सोडवले. फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न हे त्याचे प्रमुख कर्ते. त्या यंत्राची मेमरी केवढी होती म्हणाल, तर अवघे ३२ शब्द, आणि प्रत्येक शब्द ३२ बिटांचा. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढीच खूण. एवढ्या फळीवर फार मोठा संसार मांडता येत नाही. म्हणून पुढच्या यंत्रांना गोदाम जोडण्यात आले. तेव्हा ते चुंबकीय ड्रमचे असे. ड्रम गरगर फिरायचा, आणि हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली आली की माहिती मिळायची.

पण ही नेआण करायची कोणी? ते काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाच्या माथी होते. आपल्या कामाचे तुकडे पाडावेत, कोणता तुकडा केव्हा ड्रमवरून आणायचा, कोणता परत पाठवायचा, हे सारे त्याने आधीच ठरवून लिहावे. मूळ गणित राहायचे बाजूला आणि माणूस डबे हलवण्याच्या हिशेबात गुंतायचा. आपल्याकडेही मेमरीची चणचण होतीच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला आणि १९६० साली कामाला लागलेला टिफ्रॅक हा संगणक भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः घडवला. त्याची मेमरी २०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या साध्या फोनमधले एक छायाचित्रसुद्धा तिच्यात मावणार नाही. तरीही शास्त्रज्ञांनी त्यावर गणिते केली, ती एकेक शब्द जपून वापरूनच.

ह्या हमालीतून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सोडवावे असे किलबर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मनावर घेतले. ह्याच दिशेचा विचार बर्लिनमध्ये फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंच ह्याने १९५७ च्या आपल्या प्रबंधात मांडला होता. पण ती कल्पना पूर्ण अंगाने चालवून दाखवली मँचेस्टरच्या ॲटलास यंत्राने. विद्यापीठ आणि फेरांटी कंपनी ह्यांनी मिळून बांधलेला हा संगणक ७ डिसेंबर १९६२ रोजी रीतसर सुरू झाला.

ॲटलासची फळी होती १६,३८४ शब्दांची आणि ड्रमचे गोदाम ९८,३०४ शब्दांचे, म्हणजे बरोबर सहापट. कर्त्यांनी दोन्हींचे ५१२ शब्दांचे सारखे भाग पाडले आणि प्रत्येक भागाला नाव दिले ‘पान’. गुरुजनहो, भागाकार करून पाहा. फळीवर ३२ पाने मावतात आणि गोदामात १९२. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला एवढेच सांगितले की तुझ्यापुढे एक मोठी वही आहे, तू हवे ते पान माग. पान फळीवर असेल तर लगेच मिळेल. नसेल तर यंत्र स्वतःच काम थांबवील, ड्रमवरून पान आणील आणि मग पुढे चालेल. तू काळजी करू नकोस.

आणलेल्या पानाला जागा करण्यासाठी कोणते पान घालवायचे, हेही यंत्रच ठरवी. कोणते पान किती वेळ वापरलेले नाही, ह्यावर ते नजर ठेवी, आणि ज्याची गरज सर्वांत उशिरा लागेल असा अंदाज निघे ते पान बाहेर काढी. शिवाय फळीवरची एक जागा नेहमी रिकामी राखलेली असे, म्हणजे येणारे पान ताटकळत राहू नये. अनुभवी दुकानदाराची हीच तर रीत. दिवाळीचे सामान श्रावणात पुढे मांडून ठेवीत नाहीत.

ही युक्ती फार गोड होती. लहान फळीचे यंत्र मोठ्या फळीचे असल्यासारखे भासू लागले. पुढे तिला ‘आभासी मेमरी’ असे नाव रूढ झाले. पण आभास तो आभासच, बरं का. ॲटलासच्या फळीवरून एक शब्द घ्यायला दोन मायक्रोसेकंद लागत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांतले दोन. ड्रमची एक फेरी व्हायला मात्र बारा मिलिसेकंद, म्हणजे हजार भागांतले बारा. हवे ते पान सरासरीने अर्ध्या फेरीत सापडते असे धरले तरी सहा मिलिसेकंद गेले. म्हणजे फळीपेक्षा गोदाम तीन हजार पट मंद! आपल्या दुकानदाराला डब्यात हात घालायला एक सेकंद लागत असेल, तर गोदामाची एक खेप पन्नास मिनिटांची झाली.

मग एवढा वेळ प्रोसेसरने रिकामे बसायचे? त्यावर उपाय म्हणून एका यंत्रात एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम ठेवण्याची पद्धत आली. एकाचे पान येईपर्यंत दुसऱ्याचे काम करावे. एक गिऱ्हाईक थांबले तर दुसऱ्याला माल द्यावा. दोन प्रोग्रॅम ठेवले, काम वाढले. तीन ठेवले, आणखी वाढले. साहजिकच लोकांना वाटले, चार, पाच, सहा ठेवावेत.

आणि इथेच घात झाला. एका मर्यादेपर्यंत काम वाढत गेले, आणि मग एकच प्रोग्रॅम जास्त घेतला की सारे यंत्र एकाएकी बसले. हळूहळू मंद झाले असते तर नवल नव्हते. पण ते कड्यावरून कोसळावे तसे कोसळले. ड्रम आणि डिस्क अखंड चालू, दिवे लागलेले, आवाज चाललेला, आणि निष्पत्ती जवळजवळ शून्य.

असे का व्हावे? पुन्हा दुकानात चला. फळीवर आठ डबे मावतात. दोन गिऱ्हाइके आहेत आणि प्रत्येकाला आलटून पालटून चारच डबे लागतात. दुकान झकास चालेल. आता तिसरे गिऱ्हाईक आले, त्यालाही चार डबे हवेत. एकूण झाले बारा. तिसऱ्यासाठी पहिल्याचे डबे आत न्यावे लागतात. लगेच पहिला म्हणतो, माझी डाळ द्या. त्याची डाळ आणायची तर दुसऱ्याची साखर आत जाते. मग दुसरा ओरडतो. दुकानदार दिवसभर गोदामाच्या वाटेवर धावतो, घामाघूम होतो, आणि तागडीला हात लावायला त्याला सवड मिळत नाही. त्यात भर म्हणजे यंत्राच्या कारभाऱ्याला दिसायचे काय, तर प्रोसेसर रिकामा बसला आहे. तो म्हणायचा, ह्याला काम कमी पडतंय, आणखी एक प्रोग्रॅम घ्या आत! बुडत्या होडीत आणखी उतारू भरण्यासारखाच हा प्रकार.

ह्या स्थितीला इंग्रजीत ‘थ्रॅशिंग’ हे नाव पडले. थ्रॅश म्हणजे झोडपणे. धान्याच्या झोडणीला इंग्रजीत जो शब्द आहे तोही ह्याच मुळातला. कोकणात भाताच्या पेंढ्या झोडतात तेव्हा दाणा खाली पडतो. इथे मात्र झोडणी अहोरात्र चाललेली, पेंढा उडतो आहे, आणि खळ्यावर दाणा एकही नाही.

आता खरा प्रश्न उभा राहिला. पुष्कळ जाणती माणसे म्हणू लागली की, ही आभासी मेमरीची कल्पनाच फसवी आहे. यंत्राच्या हाती कारभार देण्यापेक्षा माणसाने पूर्वीसारखे स्वतः तुकडे पाडलेले बरे. तुकडे पाडण्याच्या हमालीतून सुटलेल्या प्रोग्रॅमकारांना पुन्हा तिथेच जावे लागेल, असा प्रसंग आला.

ह्या कोड्याचा उलगडा केला पीटर डेनिंग ह्या तरुण अमेरिकन संशोधकाने. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत तो शिकत होता. १९६८ साली त्याने दोन निबंध प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे ऐकायला साधे आहे. कोणताही प्रोग्रॅम आपली सगळी पाने एकाच वेळी वापरीत नाही. थोडा वेळ तो काही ठरावीक पानांतच घुटमळतो, मग दुसऱ्या काही पानांकडे सरकतो. आपणही असेच वागतो. गणिताचा तास चालू असताना पाटी, पुस्तक आणि पट्टी एवढेच बाकावर असते, भूगोलाचा नकाशा दप्तरात राहतो. नुकत्याच सरलेल्या वेळात जी पाने वापरली गेली, त्या समूहाला डेनिंगने ‘चालू संच’ अशा अर्थाचे नाव दिले. हा संच फळीवर पुरता मावला तर प्रोग्रॅम सुरळीत चालतो. एवढासा कमी पडला तरी झोडणी सुरू होते.

ह्यावरून नियम निघाला तो असा: ज्याचा चालू संच मावणार नाही असा नवा प्रोग्रॅम आत घेऊच नका, त्याला दाराबाहेर थांबवा. थांबवल्यामुळे सर्वांचे काम लवकर होते. आयबीएम कंपनीतल्या डेव्हिड सेअर ह्याने १९६९ साली पानांची नेआण माणसाने करावी की यंत्राने, ह्याची तुलना करून निबंध लिहिला, आणि यंत्राचा कारभार नीट असेल तर तो माणसाच्या तोडीस उतरतो असे दाखवले. वाद मिटला. १९७२ साली आयबीएमने आपल्या सिस्टिम ३७० ह्या मोठ्या यंत्रांसाठी आभासी मेमरी जाहीर केली, आणि ती सर्वमान्य झाली.

आता आपल्या खेळाकडे येऊ. जी युक्ती खोलीएवढ्या यंत्रांत होती ती १९८५ साली इंटेल कंपनीच्या ८०३८६ ह्या बोटभर चिपमध्ये आली. तिची पाने ४०९६ बाइटांची. घराघरांतल्या संगणकांत फळीवरची पाने गोदामात आणि गोदामातली फळीवर अशी ये-जा सुरू झाली. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले, तेव्हा कमीत कमी ४ मेगाबाइट मेमरी हवी आणि ८ असली तर बरे, असे सांगितले जाई. आता चार मेगाबाइटांची फळी विंडोजनेच अडवली, तर वर बसणाऱ्या खेळाने जायचे कुठे? त्याची पाने गोदामात. आणि खेळ म्हणजे चित्रांचे भांडारच. भिंती, झाडे, माणसे, आवाज, सगळे क्षणाक्षणाला लागते.

डिसेंबर १९९३ मध्ये निघालेला डूम हा गाजलेला खेळ ह्या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तो ४ मेगाबाइट मेमरीत चालावा म्हणून त्याच्या कर्त्यांनी स्वतःचा छोटासा दुकानदार आत बसवला होता. ज्या चित्रांची तूर्त गरज नाही ती फळीवरून टाकून द्यायची, आणि लागली की डिस्कवरून पुन्हा वाचायची. तसे वाचन चालू असता पडद्याच्या कोपऱ्यात डिस्कचे लहानसे चित्र चमके. खेळणाऱ्याने नवे दार उघडावे, आत न पाहिलेले राक्षस उभे असावेत, आणि नेमका त्याच वेळी खेळाने क्षणभर श्वास रोखावा, ह्याचे मर्म हे.

हा क्षण एवढा जाणवतो का? त्याचेही गणित आहे. खेळ डोळ्यांना सलग वाटायचा तर सेकंदाला तीसएक चित्रे तरी बदलली पाहिजेत. म्हणजे एका चित्राला तेहतीस मिलिसेकंद मिळतात. त्या काळच्या हार्ड डिस्कवरून एक पान आणायला दहाएक मिलिसेकंद लागत. एका चित्रासाठी तीन पाने कमी पडली की सगळा वेळ संपला. तीस पाने कमी पडली तर एक चित्र नव्हे, नऊ-दहा चित्रांचा वेळ गेला. पत्र टंकणाऱ्या माणसाला एवढा विलंब कळतही नाही. खेळात मात्र मोटार कठड्यावर जाते.

गुरुजनहो, वरच्या वर्गाला घालण्याजोगे एक उदाहरण देतो. १९९० च्या दशकातल्या मेमरीतून एक शब्द मिळायला सुमारे ७० नॅनोसेकंद लागत असे धरा. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. डिस्कवरून पान यायला १० मिलिसेकंद. हजार वेळा मागितल्यावर फक्त एकदाच पान फळीवर नसले, तर यंत्र किती मंद होईल? मुले म्हणतील, हजारात एक, म्हणजे काय मोठेसे? पण हिशेब करा. त्या एका खेपेचे एक कोटी नॅनोसेकंद हजारांवर वाटले की प्रत्येकी दहा हजार येतात. सत्तरच्या जागी दहा हजार सत्तर! यंत्र सुमारे १४० पट मंद झाले. आणि आपल्या दुकानदाराच्या मापाने बोलायचे तर एका सेकंदाच्या फळीमागे गोदामाची खेप आता दीड दिवसाहून मोठी झाली. ॲटलासच्या वेळी ती पन्नास मिनिटांची होती. म्हणजे यंत्रे वेगवान झाली खरी, पण प्रोसेसर आणि मेमरी घोड्यावर बसून गेली आणि डिस्क बैलगाडीतच राहिली. त्यामुळे फळी अपुरी पडली की शिक्षा उलट जबर झाली.

पुढे ज्यात काही फिरत नाही अशा, चिपांच्या डिस्क आल्या. त्यांनी गोदाम पुष्कळ जवळ आणले. दुकानदाराच्या मापाने खेप साधारण पंधरावीस मिनिटांवर आली. खरखर थांबली, पण अंतर मिटले नाही. फोनमध्ये तर आणखी निराळी तऱ्हा. मेमरी अपुरी पडली की फोन आधी मागे पडलेली पाने दाबून, घडी घालून थोड्या जागेत बसवतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर मागचे ॲप सरळ बंद करतो. खेळ अर्धवट ठेवून फोनवर बोललात, परत आलात, आणि खेळ पहिल्यापासून सुरू झाला, असा अनुभव आपणांस असेल. तो डेनिंगच्या नियमाचाच एक कठोर अवतार समजा. मावत नाही, त्याला बाहेर काढा.

तेव्हा शाळेतला संगणक अडखळला तर काय करावे? आधी दिव्याकडे पाहावे. दिवा एकसारखा लागलेला आहे, डिस्क थांबत नाही आणि चित्र मात्र थिजलेले आहे, तर फळी अपुरी पडल्याचा दाट संशय घ्यावा. यंत्रात मेमरी आणि डिस्क किती गुंतली आहे हे दाखवणारा तक्ता असतो, तोही उघडून पाहावा. दिवा शांत असूनही चित्र अडखळत असेल, तर कारण दुसरे असू शकेल. आतला पंखा धुळीने भरलेला असेल, चित्रे काढणारा भाग दुबळा असेल. मेमरीचीच अडचण ठरली तर मागे उघडे राहिलेले प्रोग्रॅम बंद करावेत. खेळातली चित्रे कमी बारकाव्याची ठेवता येत असतील तर तशी ठेवावीत. एवढ्याने भागले नाही तर मेमरीची एक पट्टी वाढवावी. गोदाम वाढवून, म्हणजे डिस्कवरची जागा वाढवून, खेळ सुरू होईल कदाचित, पण वेगाने चालणार नाही. फळी लहान असताना गोदाम बांधून गिऱ्हाईक खूष होत नाही. आणि हे सारे करून पाहिल्याशिवाय यंत्र मोडीत काढू नये.

ह्या इतिहासातून मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. १९६० च्या दशकातल्या त्या माणसांना यंत्र धावपळ करताना दिसत होते आणि काम मात्र होत नव्हते. कोणी यंत्राला दोष दिला, कोणी कल्पनेला. डेनिंगने विचारले, एका वेळी खरोखर लागते किती आणि हाताशी मावते किती? ह्या दोन संख्या शेजारी ठेवल्याबरोबर कोडे सुटले.

उद्या मुलांचा खेळ अडला तर त्यांना रागे भरण्याआधी हाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. भागाकार आणि सरासरी त्यांना येतेच. मोटार कठड्यावर का आदळली, ह्याचा हिशेब ती स्वतः मांडतील, आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेले एखादे यंत्र बहुधा पुन्हा वर्गात येईल.